एक घर, दोन चुली

मुंबईकराला घरी बोलावले की तो प्रथम विचारतो, "सेंट्रल की वेस्टर्न?" गल्ली आणि चाळ मागाहून! ही सवय त्याला लावली दोन विलायती कंपन्यांनी. जी. आय. पी.ची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पाठोपाठ बी. बी. सी. आय. आली आणि तिने गिरगावच्या कडेने रूळ टाकले. चिंचपोकळी, करी रोड, परळ हिची. महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड तिची. दादरला तर दोघींची स्टेशने शेजारी शेजारी, नावही एकच!

पहिलीचा कारभार सरकारने १९२५ साली हाती घेतला, दुसरीचा १९४२ साली. पुढे देशभरच्या रेल्वेंचे एकत्रीकरण झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, त्या वर्षीची दिवाळी सरते न सरते तोच, जी. आय. पी.त निजामाची, शिंद्यांची आणि धोलपूरची रेल्वे मिळवून मध्य रेल्वे झाली. बी. बी. सी. आय.ला सौराष्ट्र, जयपूरकडच्या रेल्वे जोडून पश्चिम रेल्वे झाली. संस्थानिकांच्या गाड्या एका छत्राखाली आल्या, हे काम मोठेच. पण आमच्या मुंबईत घर एक झाले तरी चुली दोनच राहिल्या.

दादरला एक नंबरचे फलाटही दोन! आमचे पुण्याचे मेहुणे एका 'एक नंबर'वर आणि मी दुसऱ्या, असे आम्ही तासभर एकमेकांची वाट पाहिली आहे. हा घोळ ९ डिसेंबर २०२३ रोजी मिटला. पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. नुसते आकडे ओळीने लावायला ७२ वर्षे लागली!

आकड्यांचे हसण्यावारी नेता येते, परळचे येत नाही. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिमेचे एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी, यांच्यामध्ये एक अरुंद पूल होता. गिरण्या गेल्या, कचेऱ्यांचे मनोरे उठले, गर्दी वाढली. पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर पावसात तेथे चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

कंपन्या एका सहीने एक होतात. पण एका गाडीतून उतरून दुसरी गाठणाऱ्या माणसाची काळजी कोणत्या चुलीने वाहायची, हे त्या कागदात लिहिलेले नसते. ते जिन्याच्या पायऱ्या मोजूनच ठरवावे लागते, आणि तेही दसऱ्याच्या आधी.