सर्पदंशावरील प्रतिविषाची पहिली मात्रा कुठे द्यावी?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य



भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि केंद्राच्या २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. मरणारे बहुतेक शेतात राबणारे किंवा जमिनीवर झोपणारे असल्यामुळे या उद्दिष्टाचे भवितव्य प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठरणार आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष, म्हणजे घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनवलेले औषध, अशा केंद्राच्या शीतकपाटात असूनही अनेकदा रुग्णाला एकही कुपी न देता ‘रेफर’ केले जाते. याला केवळ हलगर्जी म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि रुग्ण दगावल्यास नातेवाइकांचा रोष एकट्या डॉक्टरवर येतो, ही भीती खरी आहे. मात्र त्या प्रतिक्रियेवरचे औषध, म्हणजे मांडीच्या स्नायूत द्यायचे अ‍ॅड्रेनालिन, स्वस्त असून तिथेच ठेवता येते. निदानालाही यंत्र लागत नाही: शिरेतले दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, साबणाने न धुतलेल्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग नळी तिरपी करावी, रक्त अजूनही पातळ वाहिले तर घोणस वा फुरशाच्या विषाने गोठणक्रिया बिघडवली आहे, असे समजावे. मण्यारीचे प्रकरण वेगळे, कारण तिचा रात्रीचा दंश दुखतही नाही, पुढे पापण्या मिटू लागतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला पहिली मात्रा देऊन, श्वास मंदावल्यास हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देत १०८ च्या रुग्णवाहिकेतून हलवावे लागते.

ग्रामीण भागात असा उपचार रुजू शकतो, याचा दाखला राज्यातच आहे: विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात, साधनांच्या टंचाईतच रुजवला, हे राज्याच्या आरोग्यखात्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून विभागाने पहिली मात्रा केंद्रातच देण्याचा लेखी आदेश काढावा, त्याप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरची जबाबदारी स्वतः घ्यावी, आणि मासिक अहवालात शिल्लक कुप्यांच्या रकान्याशेजारी दंशापासून पहिल्या मात्रेपर्यंत किती मिनिटे गेली याचा रकाना जोडावा.