गाणे ऐकायचे की सिनेमा पाहायचा?



भिशीचे पैसे हाती आले की घरात नवी वस्तू घेण्याचा विषय निघतोच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात तो निघाला आणि घराचे दोन तट पडले. मुलांना पाच स्पीकरचा होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, तर वडिलांना दोन स्पीकरचा साधा स्टिरिओ. वाद मिटेना, तेव्हा मंडळी आमच्याकडे आली.

आम्ही एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात रोज ऐकले काय जाते?"

वडील म्हणाले, "आमचे अण्णा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांच्या आवाजातल्या बारा कॅसेट घरात आहेत. शिवाय वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी. सकाळी वंदनाही लावतो." मुलगा म्हणाला, "आणि रविवारी सिनेमा!"

आता दोन्ही यंत्रांतला फरक समजून घेऊ. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर डावा आणि उजवा असे दोनच आवाज वाढवतो. होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर पाच किंवा अधिक स्पीकर चालवतो, खर्जासाठी वेगळ्या सबवूफरला आवाज पुरवतो आणि टीव्हीची चित्रेही आपल्यातून पुढे पाठवतो. किंमत सारखी असेल तर एकाचे पैसे दोन वाटांवर खर्च झालेले असतात, दुसऱ्याचे सात-आठ कामांत वाटले गेलेले असतात. म्हणून त्याच किमतीत गाण्यासाठी बहुधा स्टिरिओच सरस ठरतो.

अण्णांच्या कॅसेट तर एकाच माईकवर भरलेल्या. ध्वनिमुद्रणात जे नाही ते पाच स्पीकरही देऊ शकत नाहीत.

होम थिएटरची बाजूही खरी आहे. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. ज्या घरात आजीला "काय म्हणाला गं तो?" असे दर वाक्याला विचारावे लागते, तिथे हा मधला स्पीकर मोठा उपकार करतो. डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा २००० सालचा चित्रपट सारे घर एकत्र बसून पाहत असेल, तर एकेक शब्द ऐकू यायलाच हवा. अशा घराने होम थिएटर जरूर घ्यावे. त्यावर दोनच स्पीकर जोडून गाणीही ऐकता येतात.

जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नये. तो पुष्कळदा एक-दोन स्पीकर चालवून मोजलेला असतो. पाचही एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. दहा बाय बाराच्या खोलीत तीस-चाळीस वॅट भरपूर झाले. स्पीकरच्या मागे ओहमचा आकडा असतो. तो अ‍ॅम्प्लिफायरला चालतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आणि सबवूफरचा खर्ज भिंत ओलांडून शेजारच्या अभ्यास करणाऱ्या मुलापर्यंत जातो, याचेही भान ठेवावे.

टिकण्याचाही विचार हवा. टीव्हीच्या जोडण्या दर काही वर्षांनी बदलतात आणि जुना होम थिएटर मागे पडतो. स्टिरिओच्या मागची तांबडी-पांढरी भोके मात्र कित्येक वर्षे तीच आहेत. कॅसेट डेक आजही तिथे जोडता येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. पाच स्पीकरचा संच भिशीच्या पैशांत बसत नव्हता. उरलेले हप्त्याने द्यायचे, असे मुलांचे म्हणणे. त्याच महिन्यात थोरल्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. उपभोग नाकारलेला नाही, त्याला मर्यादा घातली आहे. मुलीच्या फीच्या पैशांवर सिनेमाचा आवाज वाढवणे त्या मर्यादेत बसत नाही. हे आम्ही सांगितले, तेव्हा मुलगाच म्हणाला, "ताईची फी आधी."

त्यांनी स्टिरिओ घेतला. टीव्हीही त्यालाच जोडला, त्यामुळे रविवारचा सिनेमा बुडाला नाही. आमच्या सांगण्यावरून मुलाने कॅसेट डेकचे हेड साफ केले आणि अण्णांच्या बाराही कॅसेट संगणकावर उतरवून ठेवल्या. जुनी फीत केव्हा तुटेल याचा नेम नसतो.

पहिल्या दिवशी आम्हालाही बोलावणे होते. गाणे सुरू होण्याआधी फितीवर कोणीतरी खाकरले. आजी चटकन म्हणाल्या, "हे आमचेच!" इतकी वर्षे लहान टेपवर ते कुणाला ऐकूच आले नव्हते.

तुमच्याही घरी अशा कॅसेट असतील. यंत्र कोणतेही घ्या, पण आधी त्या कॅसेट शोधून काढा.