कपाळ आणि टाच

मूल जन्माला आले की पाचवीच्या रात्री आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडतो. सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, अशी आपली समजूत. या चालीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पुढे जन्मभर ‘कपाळीच होते’ म्हणून हात जोडून बसण्याशी.

काही मुले जन्मतः टवटवीत दिसतात आणि दूध पिता पिताच त्यांच्या मेंदूला इजा होऊ लागते. फेनिलकीटोन्यूरिया हा त्यांतलाच विकार. प्रथिनांतला फेनिलॲलानिन हा घटक मार्गी लावणारे विकर या मुलांत नीट काम करीत नाही. तो रक्तात साठतो आणि बुद्धी खुंटते. नॉर्वेच्या डॉ. फॉलिंग यांनी 1934 साली हा विकार ओळखला, तोही दोन मुलांच्या आईने ‘असे का?’ हा प्रश्न सोडला नाही म्हणून. पुढे अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतले रक्त टिपकागदावर घेऊन तपासण्याची युक्ती काढली. 1963 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी सक्तीची केली. पहिल्या काही आठवड्यांतच पथ्याचा आहार सुरू झाला, तर असे मूल इतरांसारखे वाढते.

याला साठ वर्षे उलटली. गोव्यात 2008 साली सरकारी तपासणी सुरू झाली, काही रुग्णालये ती करतात; पण देशातल्या प्रत्येक बाळासाठी नियम अजून नाही.

‘आमच्या घराण्यात असले काही नाही’, असे आपण ठणकावतो. अहो, दोष दोन्ही बाजूंनी यावा लागतो! आईबाप धडधाकट असतात आणि तरी त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक एवढा धोका असतो. आतेमामे भावंडांच्या लग्नांत असा योग जुळणे अधिक सोपे. दोघांचा वाटा सारखा असताना ‘ग्रहणात विळी हाती धरली’ म्हणून बोल मात्र एकट्या सुनेला!

‘बोलेल हळूहळू, याचे वडीलही उशिराच बोलले’, हे दुसरे पालुपद. मेंदू आपली वाट पाहत थांबत नाही.

‘गरीब देशाला ही चैन परवडेल काय?’ असे शहाणे विचारतात. काही विकारांचे उपचार महाग आहेत, काहींवर उपचारच नाहीत, हे खरे. पण जन्मजात थायरॉइडची उणीव याच थेंबात सापडते. तिच्यावर रोजची एक स्वस्त गोळी पुरते. मात्र ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागते. ती न देता एक आयुष्य पांगळे करणे, याला मी काटकसर म्हणणार नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच : पाळणा आणाल, डिंकाचे लाडू वळाल, त्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेचे रक्त तपासणार ना? आणि मते मागायला येतील त्यांनाही हेच विचारा. पाचवीचा कागद खुशाल मांडा. पण त्याआधी हा दुसरा कागद प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे.