पांढऱ्या भिंतीचा जुलूम

दरसाल दसरा सरला की आमच्या घरी लढाई जुंपते. निमित्त भिंतींच्या रंगाचे. मंडळींना पिस्ता हवा असतो, थोरल्या मुलीला गुलाबी आणि आमच्या मातोश्रींचे म्हणणे एकच, "देवाच्या मागे गेरूच पाहिजे. पांढऱ्यावर देव उठून दिसत नाहीत!" रंगारी बिचारा नमुने दाखवून दाखवून थकतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एवढा खल! आणि ज्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्यांची चित्रे नि मूर्ती सांभाळायच्या, तिच्या भिंतींचा रंग ठरवायला आपल्याकडे किती वेळ लागतो? टेंडराचा लिफाफा फोडायला लागेल तेवढा.

गेल्या हिवाळ्यात सातवीची सहल घेऊन मी एका संग्रहालयात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. वाचकांनी आपापल्या जिल्ह्याचे घालून घ्यावे, फारसे चुकणार नाही. आत नुकताच रंग दिलेला. खालपासून वरपर्यंत पांढरा, तोही चकचकीत ऑइलपेंट, आणि वर ट्यूबलाइटच्या रांगा. जुन्या तैलचित्रांवर काच होती. त्या काचेत समोरची भिंत नि दिवे असे काही उतरले होते, की मुले चित्रापुढे उभी राहून आपापले भांग नीट करीत होती. एका पोराने माझा सदरा ओढून हळूच विचारले, "गुरुजी, इथे कोण आजारी आहे?"

मला हसू आले नाही. वीस मिनिटांत सारा वर्ग बाहेर आवारात. परतताना एसटीत मी विचारले, काय काय पाहिले? आवारातली चिंच सगळ्यांना आठवत होती. चित्र एकालाही आठवेना. त्यांतल्या बऱ्याच मुलांची संग्रहालयाशी ती पहिली भेट होती आणि त्यांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, कदाचित शेवटचीही. माझा राग आहे तो याचा.

तिथल्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, पांढरा रंग कुणाची बाजू घेत नाही. आणि लोक चित्रे बघायला येतात, भिंती बघायला नव्हे."

वाक्य मोठे शहाणे दिसते. पण आहे साफ खोटे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये. पण शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट ऐकावी. पॅरिसला गोब्लँ नावाचा गालिचे नि चित्रपट विणण्याचा सरकारी कारखाना आहे. 1824 साली तिथल्या रंगशाळेचा कारभार शेव्हरलकडे आला. कारागिरांची तक्रार होती की काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत तो मळकट दिसतो. शेव्हरलने ती लोकर दुसऱ्या कारखान्यांतल्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. काळ्यात काडीचा दोष नव्हता! दोष होता शेजाऱ्यांचा. निळ्या-जांभळ्याच्या संगतीने काळ्याचे तेज जात होते. 1839 साली त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. धाग्याशेजारच्या धाग्याचे जर हे सामर्थ्य, तर चित्राला चारी बाजूंनी वेढणाऱ्या भिंतीचे किती असेल?

त्यातून पांढरी भिंत म्हणजे सर्वांत बोलघेवडी शेजारीण. भर उन्हातून माजघरात पाऊल टाकले की क्षणभर काही दिसत नाही. बाहुली आक्रसलेली असते. लखलखीत भिंतीवर सावळे जुने तैलचित्र टांगले की तेच होते. डोळा भिंतीशी जमवून घेतो आणि चित्रातला अंधारा भाग नुसता खड्डा होऊन बसतो.

आणि ही चाल तरी कुठे सनातन आहे? ती रुळली विसाव्या शतकात. त्याआधी विलायतेतल्या चित्रशाळा लाल, तपकिरी, हिरव्या असत. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे ईस्टलेकसाहेब स्वतः चित्रकार. गटेचा रंगांवरचा ग्रंथ त्यांनी 1840 साली इंग्रजीत आणला. त्यांचा आडाखा असा, की भिंत चित्रातल्या उजेडाहून गडद असावी नि अंधाराहून उजळ. आमच्या आईचा गेरू याहून वेगळे काय सांगतो? खुद्द पॅरिसमध्ये ऑर्से संग्रहालयाने 2011 साली इम्प्रेशनिस्टांची दालने नव्याने मांडली, तेव्हा फिक्या भिंती जाऊन गडद राखी आल्या.

पांढऱ्याशी माझे हाडवैर नाही. मोनेची कमळे पॅरिसच्या ओरांजरीत 1927 पासून पांढऱ्या लंबगोल दालनांत आहेत आणि ती तिथेच शोभतात. आणि भिंतीला मोकाट सोडले तर काय होते तेही ठाऊक आहे. व्हिसलर या चित्रकाराने 1876-77 मध्ये लंडनच्या एका जहाजमालकाच्या जेवणघरात मोलाच्या कातडी भिंतींवर निळेहिरवे नि सोनेरी मोर रंगवून टाकले. मालक संतापला, मैत्री तुटली. ती खोली आज वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहालयात आहे. लोक तिला मोरांची खोली म्हणतात, त्याच खोलीत व्हिसलरचेच एक मोठे चित्र टांगले आहे हे फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. बोस्टनच्या इझाबेला गार्डनर बाईंनी मात्र तिशन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्राखाली भिंतीवर आपल्याच एका रेशमी झग्याचे कापड लावले! बाईंची नजर पाहा. त्यांच्या संग्रहालयातून 1990 साली तेरा वस्तू चोरीला गेल्या. रिकाम्या चौकटी अजून जागच्या जागी आहेत आणि आत दिसते ते भिंतीचे हिरवे रेशीम. साहेब म्हणतात, लोक भिंती बघत नाहीत!

"तिकडे पैसा आहे," असे कुणी म्हणेल. मग भायखळ्याला जावे. राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली उघडले, पुढे रया गेली. दुरुस्ती झाली, स्टेन्सिलची नक्षी नि सोन्याचा मुलामा परतला. 2005 साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला आणि 2008 मध्ये दारे पुन्हा उघडली. त्या फिकट हिरव्या भिंतींपाशी, सागवानी कपाटांतल्या मातीच्या चिमुकल्या माणसांपुढे मी पोरांना खिळलेले पाहिले आहे. कुणी भांग नीट करीत नव्हते.

आमच्या त्या संग्रहालयाला मी सोने मागत नाही. चकाकी नसलेला रंग मागतो, चित्रांमागे थोडा गडद. रंग वाळून त्याचा वास पुरता गेल्याशिवाय चित्रे परत टांगू नयेत, एवढे आणखी. ओल्या रंगाची वाफ जुन्या वस्तूंना बाधते. साहेबांनी मला लेखी अर्ज द्यायला सांगितले, तो दिला. उत्तर आले आहे : विषय पुढील सभेत घेण्यात येईल.

सभा भाऊबीज झाल्यावर आहे. आईने गेरूची पुडी बांधून ठेवली आहे.