नागोबाच्या दुधाचे पुण्य

दिवाळीच्या अंकात नागपंचमीचे गाऱ्हाणे मांडतो, म्हणून वाचकांनी रागावू नये. श्रावणात ही गोष्ट कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा जो तो पुण्य गोळा करण्याच्या घाईत. आता फराळाला निवांत बसला आहात, तर चार शब्द ऐका.

टोपलीतल्या नागाला दूध पाजणे हे दान नव्हे, छळ आहे, असे माझे म्हणणे आहे. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. नाग अंड्यातून निघतो, घोणस जिवंत पिले घालते. पण आईचे दूध दोघांच्याही वंशात नाही. उंदीर, बेडूक, प्रसंगी दुसरा साप, हे नागाचे जेवण. मग तो वाटीला तोंड लावतो कसा? गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून! व्याकूळ जीव पुढे येईल ते ओले पितो. त्याचे दात बहुधा आधीच उपटलेले, कधी तोंडही शिवलेले. ते दूध पचत नाही. फुप्फुसात गेले तर तो मरतो. मरण आपल्या दारात होत नाही, एवढ्यावर आपले पुण्य शाबूत!

‘आजेसासूबाईंपासून चालत आले आहे हो, मास्तर,’ असे आमच्या काटोलात मला सांगतात. मग जुने तेच नीट पाळा ना! पंचमीला चिरू नये, कापू नये, जमीन नांगरू नये, असे जुन्या बायांनी सांगून ठेवले. का? नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मेल्याची कहाणी त्यांना ठाऊक होती. त्या दिवशी तरी सापाला सुखाने राहू द्यावे, हा त्या व्रताचा अर्थ. पाटावर गंधाने नाग काढला की पूजा झाली. त्यात टोपली कोठून आली?

परदेशात लोक हौसेने साप पाळतात. ती हौस मला पटत नाही. पण तिथला जाणता माणूस पहिला घास देताना सापाचा विचार करतो. नव्या घरी आलेल्या सापाला आठवडाभर न हाताळता स्थिरावू देतो, त्याच्या अंगाच्या जाडीइतकाच उंदीर देतो, गिळल्यावर दोन दिवस हात लावीत नाही. ‘याला काय हवे?’ असे तो विचारतो. आपण विचारतो, ‘मला काय मिळेल?’

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग धरणे व बाळगणे गुन्हा ठरला आहे. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर उच्च न्यायालयाने बंदी घातली. पण कायदा ओसरीपर्यंत येत नाही; तिथे गृहिणीचेच राज्य. आणि ओसरीवर उभे असलेले मूल सारे बघत असते. उपाशी जिवाला नको ते पाजायचे आणि हात जोडायचे, यालाच दया म्हणतात, असे ते शिकते. शाळेत मी शंभर धडे दिले तरी तो एक धडा पुसला जात नाही.

साप चावतो, माणसे मरतात, हे खोटे नाही. म्हणूनच त्याच्यापासून लांब राहावे. संत्र्याच्या बागेत तो उंदीर मारतो. ती त्याची चाकरी फुकटची आहे.

गारुड्यालाही पोट आहे. त्याला पायलीभर ज्वारी द्या, चार पैसे द्या. पण टोपली उघडायला लावू नका. परवाच वसुबारसेला गायीपुढे तिला पचेल तोच घास ठेवलात ना? तेवढीच अक्कल श्रावणापर्यंत जपून ठेवा.