डब्यातली उरलेली गोळी

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या भावाने लिहिलं, "सर्दी, घसा, अंग मोडून आलंय. मागच्या वेळच्या तीन अँटिबायोटिक उरल्या होत्या, त्या सुरू केल्या." लगेच पाच जणांचे अंगठे वर. एका भाच्याने तर "मामा, ५०० ची घ्या, लवकर लागू पडते" असा सल्लाही दिला. हा भाचा जन्मभर बँकेत होता. मी तिथे काही लिहिलं नाही. ग्रुपवर मास्तरकी केली की लोक ग्रुप सोडतात. इथून कुणी निघून गेलं तर निदान मला कळत तरी नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी मराठीचा बी.ए. पण शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की आठवीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. आदल्या रात्री वाचून मी 'सूक्ष्मजीव' शिकवायचो. त्यामुळे मला समजलं ते कुणालाही समजेल, अशी माझी खात्री आहे.

आपण सगळ्यांना 'जंतू' म्हणतो, तिथेच घोळ आहे. जिवाणू म्हणजे एका पेशीचा पूर्ण संसार. त्याला भिंत असते, तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. अझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं. विषाणूला ना भिंत, ना कारखाना. तो आपल्याच पेशीत शिरून आपल्याच कारखान्यात स्वतःच्या प्रती काढून घेतो. सर्दी होते ती विषाणूमुळे. मग ही गोळी मारणार कुणाला? "पण मला तीन दिवसांत बरं वाटलं!" अहो, सर्दी आठवड्याभरात आपली आपण जातेच. कोंबडं आरवलं म्हणून सूर्य उगवला, त्यातला हा प्रकार.

गोळी वाया जाते असंही नाही. ती आतड्यातल्या जिवाणूंवर पडते. २०१६ च्या एका अंदाजानुसार आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतके. त्यातले बहुतेक आपले भाडेकरू, तेही भाडं देणारे. म्हणूनच गोळ्यांनंतर कित्येकांचं पोट बिघडतं. विरजणाचं भांडं घासून टाकायचं आणि दही का लागत नाही म्हणून विचारायचं!

आणि ते दुसरं वाक्य, "शरीराला औषधाची सवय होते." ते ऐकलं की मला अजूनही खडू फेकून मारावासा वाटतो. सवय शरीराला होत नाही हो, जिवाणू बदलतात. आतड्यातला ई. कोलाय नावाचा जिवाणू सोयीची परिस्थिती असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाख! एवढ्या गर्दीत एखादा चुकून वेगळा निघतो, औषधाला न जुमानणारा. बाकीचे मेले की सगळं रान त्याचंच. शिवाय ही विद्या तो शेजारच्या जिवाणूलाही देतो, परीक्षेत मुलं चिठ्ठी सरकवतात तशी. फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलिन शोधलं, त्याने स्वतःच १९४५ च्या नोबेल भाषणात अपुऱ्या मात्रेबद्दल हा इशारा दिला होता. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं अशा न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ. ला लघवीचं इन्फेक्शन झालं. गोळ्या बदलून झाल्या, ताप उतरेना. मग कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे लागू नाही. 'एस' तीनच ठिकाणी, तीही सगळी इंजेक्शनं. सात दिवस सलाईन. त्या कागदावरची 'आर' मारलेली निम्मी नावं आमच्या घरच्या बिस्किटाच्या डब्यात होती. त्या डब्यामुळेच हे झालं असं सिद्ध करता येणार नाही. पण खोकला आला की त्यातली गोळी तिला काढून देणारा मीच होतो.

औषधवाल्यांना नावं ठेवायची तर ठेवा. अशा कित्येक औषधांच्या पाकिटावर लाल रेघ असते आणि चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत असा नियम आहे. तरी आमच्या कोपऱ्यावरचं दुकान बिनदिक्कत देतं. पण मागायला कोण जातं? आणि गोळी न देता "गरम पाणी प्या, विश्रांती घ्या" सांगणाऱ्या डॉक्टरला "याला काही कळत नाही" असं म्हणतं कोण? आपणच.

मी औषधांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. माझी थोरली बहीण माझ्या जन्माआधी, १९४६ साली टायफॉइडने गेली. त्यावरचं पहिलं गुणकारी औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वापरात आलं. आई शेवटपर्यंत त्या दोन वर्षांचा हिशोब करायची. तेव्हा औषध नव्हतं म्हणून माणसं गेली. आता औषध असून जातील, तर नातवंडांना काय सांगायचं?

असो. काल धाकट्याला फोन केला. म्हणाला, "दादा, नाक मोकळं झालं, गोळी फारच चांगली आहे." मी विचारलं, किती उरल्या? म्हणाला, "एक. ठेवलीय जपून."