क्रमवारीचा आकडा आणि विद्यापीठाचे दार

जागतिक विद्यापीठांची यादी जाहीर झाली की आपल्याकडच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. क्रमांक वर गेला तर अभिनंदनाचे फलक लागतात. खाली घसरला तर ‘सरकारी विद्यापीठांत आता काही राम उरला नाही’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. मोजले काय, हे दोन्ही वेळा फारसे कुणी विचारत नाही.

क्यूएसच्या सध्याच्या पद्धतीत शंभरपैकी ३० गुण जगभरातील प्राध्यापकांच्या मताला आणि १५ गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला आहेत. म्हणजे जवळपास निम्मे गुण लौकिकाचे. शांघायच्या यादीत ३० गुण नोबेल आणि फील्ड्स पदक मिळवणारे माजी विद्यार्थी व प्राध्यापक यांचे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या मुलीला विद्यापीठाने कुठून कुठे नेले, हे मोजणारा रकाना या दोन्ही याद्यांत नाही.

मुंबई विद्यापीठाचेच पाहा. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते स्थापन झाले, तेव्हा परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्याचे मुख्य काम होते. शिकवणे महाविद्यालयांत चाले. आजही शेकडो संलग्न महाविद्यालयांचा आणि लाखो उत्तरपत्रिकांचा भार त्याच्यावर आहे. मोजक्या विद्यार्थ्यांच्या संशोधन संस्थेशी त्याची एकाच पट्टीने तुलना होते, तेव्हा संशोधन दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत पोहोचलेले पदवी शिक्षण दिसत नाही.

पण म्हणून ‘पट्टीच चुकीची’ म्हणत विद्यापीठांनी हात झटकू नयेत. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी कोलमडली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. ते संकट कुठल्या परदेशी संस्थेने आणले नव्हते. प्राध्यापकांच्या रिक्त जागा, तासिका तत्त्वावर राबणारे शिक्षक, अपुरा निधी ही दुखणी क्रमवारी नसती तरी दुखणीच राहिली असती.

क्रमवारीला नकार देता येतो. २०२० मध्ये सात जुन्या आयआयटींनी पारदर्शकतेचा प्रश्न उपस्थित करून टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीतून अंग काढून घेतले. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठानेही तेच केले. त्यांचे नाव इतके मोठे की नकार परवडला. आपल्या राज्य विद्यापीठांना तो परवडणारा नाही, कारण आकडा आता धोरणात शिरला आहे. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी क्यूएसमधील स्थान पाहिले जाते. भारतात केंद्र उघडू पाहणाऱ्या परदेशी विद्यापीठासाठी युजीसीने २०२३ मध्ये जगातील पहिल्या ५०० ची अट घातली.

मोठे, सार्वजनिक आणि दर्जेदार हे एकत्र नांदू शकत नाही, असे मानण्याचेही कारण नाही. अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्स विद्यापीठात तीन लाखांहून अधिक विद्यार्थी आहेत. पदवीसाठी शिकवणी शुल्क नाही. तरी ते क्यूएसच्या पहिल्या शंभरात अनेकदा आले आहे. हुसाय, लेलुआर आणि मिल्स्टाइन हे विज्ञानातील तीन नोबेल विजेते तिथेच शिकले. एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठांच्या निधीला कात्री लागली तेव्हा त्या देशात लाखो लोक रस्त्यावर उतरले. ते क्रमांकासाठी नव्हे, विद्यापीठाचे दार उघडे राहावे म्हणून.

हे दार आपल्यासाठी किती महत्त्वाचे आहे, ते सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणातून कळते. २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते; पुढच्याच वर्षी ते १९ लाख २१ हजारांवर आले. त्यानंतर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. खासगी विद्यापीठाची फी न झेपणाऱ्या घरातील मुलामुलींसाठी सार्वजनिक विद्यापीठ हाच मुख्य मार्ग आहे. तो अरुंद झाला तर सर्वात आधी मागे राहतील त्या मुली.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, प्रवेश घेताना यादी जरूर पाहा, पण तिथेच थांबू नका. विभागात कायम प्राध्यापक किती, निकाल वेळेवर लागतो का, ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का, शिष्यवृत्ती वर्ष संपण्याआधी हाती येते का, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. विद्यापीठ आपल्या करातून चालते; त्याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे आणि ते टिकवणे ही आपली जबाबदारी.